पुसण्याआधी

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक काका बसले होते. धुवट पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायाशी म्हातारपणाकडे झुकलेला लॅब्रॅडॉर आणि मांडीवर नायलॉनची पिशवी. पिशवीत घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता, आपण प्रवासात लोणचं नेतो तसला, आणि त्यावर चिकटपट्टीने लावलेला कपटा: ‘पहाटे ५.१०. दुसरी.’ मला वाटलं, कुत्र्यासाठी खाऊ असेल. नंबर आला तसे काका आत गेले, दार अर्धवट उघडंच राहिलं, आणि डॉक्टरांनी झाकण काढल्यावर आंबूस वास बाकापर्यंत आला तेव्हा उलगडा झाला. काकांनी कुत्र्याची उलटी डब्यात भरून आणली होती. मांजर घेऊन बसलेल्या मुलीने ओढणी नाकाला लावली. मी हसू दाबलं. पेठेतली माणसं काहीही करू शकतात, असा शेरा मनातल्या मनात मारूनही झाला.

तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला, “वा! हे फार बरं केलंत.” घसा बघायच्या लाकडी पट्टीने त्यांनी ते ढवळलं, त्यातलं काहीतरी बाजूला काढून नळाखाली धरलं आणि काकांना दाखवलं. मक्याच्या कणसाच्या दांड्याचा तुकडा. पावसाळ्यात सिंहगडावर, टेकडीवर लोक कणीस खातात आणि उरलेला दांडा उभ्या जागी टाकून देतात. मीठ, तिखट, लिंबू चोळलेला तो भाजका दांडा कुत्र्याला सोडवत नाही. तो पचत तर नाहीच, पोटातून पुढे सरकला की लहान आतड्यात अडकून बसतो, आणि एक्स-रेत हाडासारखा ठळक दिसतही नाही. त्या लॅब्रॅडॉरच्या आतड्यात उरलेला तुकडा सोनोग्राफीत सापडला, ऑपरेशन झालं आणि तो बरा आहे, हे पुढच्या खेपेला कंपाउंडरकडून कळलं. ते ऐकून बरं वाटलं, पण मला सतावत राहिला तो डबा. पहाटे पाच वाजता, डोळ्यांवर झोप असताना, किळस बाजूला ठेवून माणूस डबा शोधतो, चमचा शोधतो, वेळ लिहून ठेवतो. हे सुचतं कसं?

आमच्याकडे सखू आहे. तळजईच्या पायथ्याशी जन्मलेली देशी कुत्री, एक कान उभा, एक मोडका. कुत्रं असलेल्या घरात एक आवाज असा असतो की गजराला न जुमानणारी माणसंही त्याने ताडकन उठून बसतात. आधी अंधारात ओठ चाटल्याची चपचप. मग फरशीवर नखांची अस्वस्थ टकटक, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग काही गिळल्यासारखं. आणि मग पोटाच्या तळापासून येणारं ते संथ, ठरावीक लयीतलं ‘हुक्... हुक्... हुक्’. तेवढ्या अवधीत तिला सतरंजीवरून फरशीवर आणायचं असतं. ती मात्र हटकून फरशीवरून उठून सतरंजीवर येते. बहुधा पंजांना पकड मिळते म्हणून. मला विचाराल तर निव्वळ खोडसाळपणा.

यानंतर घरात जे होतं ते एखाद्या नाटकाच्या प्रयोगासारखं ठरलेलं आहे. नवरा जुना ‘सकाळ’ घेऊन धावतो, मी फडकं आणि फिनेल, आणि सासूबाई पलंगावरूनच, “अगं, आधी पाय वर घ्या सगळ्यांनी!” दोन मिनिटांत फरशी लख्ख. खिडकी उघडलेली, पंखा पाचवर. मग आम्ही तिघं चहा टाकून बसतो आणि कारण ठरवतो. नवरा म्हणतो, काल टेकडीवर काहीतरी हुंगत होती. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली, खालच्या मजल्यावरची परवा म्हणालीच होती, किती तुकतुकीत झालीय म्हणून. आणि मीठ-मोहरी उतरवली जाते. सखू ती वाटी तीनदा डोक्यावरून फिरेपर्यंत निमूट बसते, कारण नंतर भाकरीचा तुकडा मिळतो हे तिला पाठ झालंय. मी दोघांच्या मध्ये पडत नाही, माझं स्वतःचं कारण तयार असतं: गेटजवळ फटाके वाजले ना रात्री.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “उलटी होताना पोट हलत होतं का?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. रंग? नवरा म्हणाला पिवळा, मी म्हटलं पांढरट. फेस होता का अन्न? अन्न असेल तर चावलेलं तसंच, की पचून लगदा झालेलं? जेवणानंतर किती वेळाने? आमच्या घरात कुत्र्यावर जीव टाकणारी तीन मोठी माणसं आहेत आणि तिघांनीही फरशीच बघितली होती.

पोट हलण्याचा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण तिथूनच दोन वाटा फुटतात, हे डॉक्टरांनी त्या दिवशी बिलाच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. खरी उलटी म्हणजे लाळ सुटते, मळमळ होते, पोटाचे स्नायू पिळवटून जोर लावतात आणि मग जठरातलं बाहेर येतं. दुसरा प्रकार म्हणजे काही सूचना नाही, जोर नाही, कुत्रं मान खाली घालतं आणि गिळलेलं अन्न नळीच्या आकारात तसंच्या तसं घसरून पडतं. ते जठरापर्यंत पोचलेलंच नसतं. तिथे दोष अन्ननलिकेत शोधायचा, किंवा ताटावर तुटून पडण्याच्या सवयीत. फरशीवर दोन्हींचा पसारा सारखाच. दोघांची औषधं मात्र वेगळी.

खऱ्या उलटीचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या एका केंद्रातून सुटतो. रक्तात विष आलं, आतड्याने तक्रार केली, कानाच्या आतला तोल बिघडला, सगळ्या अर्जांची खिडकी तीच. कात्रजच्या घाटात सखू गाडीत लाळेच्या तारा सोडते ती या शेवटच्या कारणाने. घोड्याला ओकता येत नाही, उंदरालाही नाही. कुत्र्याला ही सोय सढळ हाताने मिळालेली आहे, आणि जे दिसेल ते आधी तोंडात घालून मग विचार करणाऱ्या प्राण्याला ती हवीच. लांडग्यांच्या कळपात तर शिकारीहून परतलेली मोठी पिल्लांपुढे पोटातलं अन्न काढून ठेवतात, पिल्लांचा पहिला घट्ट घास तोच. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा सखू नुकतंच पडलेलं परत चाटायला निघाली होती. त्यांनी “राम राम” म्हणून तोंड फिरवलं, पण ओरडल्या नाहीत.

लहानपणी आम्ही नारायण पेठेतल्या वाड्यात राहायचो. तिथे कुत्रं ओकलं की आजी बंबातली राख टाकायची आणि खराट्याने सगळं गटारीकडे लोटायची. वाड्याच्या मालकांकडे टायगर नावाचा अल्सेशियन होता, रुंद छातीचा, आम्हा मुलांना घाबरवायला पुरेसा आणि आमच्या हातचं खायला कधी तयार नसलेला. त्याला दिवसातून एकदाच जेवण असायचं, रात्री, एका मोठ्या जर्मनच्या पातेल्यात. कुठल्याशा समारंभाच्या दुसऱ्या दिवशी उरलेलं सगळं त्या पातेल्यात गेलं. त्याने ते नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत संपवलं आणि चौकात पळापळ केली. रात्री उशिरा त्याचा आवाज सुरू झाला. हुक्, हुक्, हुक्. बाहेर काहीच येईना, नुसता लाळेचा फेस. बसायचा, उठायचा, मागे वळून स्वतःच्या कुशीकडे बघायचा. मालकीणबाईंनी ओव्याचं पाणी पाजायचा प्रयत्न केला. कोणीतरी म्हणालं, ओकला की मोकळा होईल. मला पडवीतून दिसत होतं ते त्याचं पोट, एका बाजूने फुगलेलं, ताणलेलं, त्यावर टिचकी मारली असती तर वाजलं असतं असं. उजाडायच्या आत टायगर गेला.

आणि वाड्याने कारण ठरवलं. विष.

समोरच्या दोन खोल्यांत एक एकटे गृहस्थ राहायचे. रात्रपाळी करायचे, आणि टायगर भुंकतो म्हणून त्यांनी मालकांशी दोनदा तोंड वाजवलेलं होतं. एवढा पुरावा पुरला. कोणी उघड बोललं नाही, पण त्यांच्याशी बोलणं बंद झालं, मग नळावर त्यांची बादली मागे सरकवली जाऊ लागली, मग आम्हा मुलांना त्यांच्याकडच्या लिमलेटच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत अशी ताकीद मिळाली. ते फार वर्षं तिथेच राहिले, तसेच. त्यांच्या खिडकीत एक रेडिओ असायचा आणि टायगर गेल्यावर तो नेहमीपेक्षा हळू लागायचा, हे मला अजून आठवतं.

कितीतरी वर्षांनी सखू घरात आली तेव्हा मी अधाशासारखं वाचत होते, आणि एका रात्री जठराला पीळ पडण्याविषयीचं वर्णन समोर आलं. मोठ्या, खोल छातीचं कुत्रं. दिवसाचं एकच मोठं जेवण, तेही घाईने. मग अस्वस्थता, नुसत्या कोरड्या उमाळ्या, पोट फुगणं. जठर वायूने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं, वरचं आणि खालचं दोन्ही तोंडं बंद होतात, रक्तपुरवठा तुटतो. ओकून मोकळं व्हायची वाटच उरलेली नसते. उपाय एकच, ऑपरेशन, आणि तेही तासांच्या हिशेबात. मी ते पान दोनदा वाचलं. शवविच्छेदन कोणी केलं नव्हतं, तेव्हा शपथेवर काही सांगता येणार नाही. पण त्या रात्रीचं पडवीतून बघितलेलं सगळं त्या पानावर ओळीने मांडलेलं होतं, आणि त्यात समोरच्या खोल्यांतल्या माणसाला कुठेही जागा नव्हती. आता वाड्याच्या जागी पार्किंगवर उभी सहा मजली इमारत आहे. त्या माणसाचं पुढे काय झालं, विचारायला कोणी उरलेलं नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, पण तो माणूसच विचित्र होता.”

कुत्र्यांच्या बाबतीत अशी आयती कारणं आपल्याकडे खंडीभर. त्यातलं सगळ्यात लाडकं गवताचं. “गवत खातंय म्हणजे पोट बिघडलंय, आता ओकेल आणि बरं होईल, त्याला त्याचं औषध कळतं.” तळजईवर सकाळी फिरणाऱ्यांत हे छातीठोकपणे सांगणारे रोज भेटतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी दीड हजारांवर कुत्र्यांच्या मालकांकडून याची माहिती गोळा केली, 2008 साली ते प्रसिद्ध झालं. गवत खाण्याआधी आजारी वाटणारी कुत्री दहातलं एकही भरलं नाही. खाल्ल्यावर नेमाने ओकणारी साधारण पाचवा हिस्सा. बाकीची आपली गवत खातात कारण त्यांना गवत खायचं असतं. पहिल्या पावसानंतरचं कोवळं, ओलं पातं सखू दाढेखाली धरून मान तिरकी करून तोडते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आजारपणाचा मागमूस नसतो. मी हे एकदा तिथल्या मंडळींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

उलट जिथे खरोखर घाबरायला हवं तिथे आपण प्रसाद म्हणून हात पुढे करतो. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याला थोडक्याने होतं, आणि आपलं कुत्रं कुठल्या गटातलं हे आधी कळायला मार्ग नाही. पहिली खूण बहुतेकदा उलटी, त्याच दिवशी. द्राक्षात नेमकं काय बाधतं हे कोडं वर्षानुवर्षं सुटत नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि त्यांच्या माहितीत चिंच खाऊन तसंच झालेली कुत्रीही होती. हे वाचल्यावर मी आमच्या ओट्याकडे बघितलं. चिंचेचा कोळ, आमटी, भेळेची चटणी. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नावाने कुत्र्याला भरीत-रोडग्याचा घास घालतात. आमच्याकडेही पद्धत आहे, आणि भरितात कांद्याची पात आणि लसूण, दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडणारे. आता सखूचा घास नुसत्या रोडग्याचा असतो. सासूबाईंनी यावर विचार करायला एक दिवस घेतला आणि मग म्हणाल्या, “खंडोबाला चालेल. त्याचंच कुत्रं आहे.”

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी ‘डॉगी व्हॉमिट करतोय’ लिहायचा अवकाश, सल्ले धो धो येतात. हळद-दूध. आपल्या लहान मुलांचं उलटीचं औषध, अर्धा चमचा. विषारी खाल्लं असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकवा. हा शेवटचा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मिठानेच कुत्रं दगावू शकतं. आणि अ‍ॅसिड, रॉकेल यांसारखं काही पोटात गेलं असेल तर ओकवणं म्हणजे तेच दुसऱ्यांदा घशातून नेणं. पार्किंगमधल्या पिल्लांना पार्व्हो झाला तेव्हाही ग्रुपवर आधी चर्चा झाली ती वासाची. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. पिल्लं ओकतात, मग रक्ताची हगवण, आणि एक विशिष्ट गोडूस-कुजका वास. एकदा आला की विसरत नाही. वॉचमनने ती जागा फिनेलने तीनतीनदा धुतली. फिनेलला हा विषाणू दाद देत नाही, ब्लीच लागतं, नाहीतर तो महिनोन्‌महिने तिथेच राहतो, लस न टोचलेल्या पुढच्या पिल्लाची वाट बघत.

आमच्या सखूच्या पहाटेच्या उलट्यांचा निकाल अखेर साधा निघाला. रात्री आठला जेवून सकाळपर्यंत पोट रिकामं, त्यात पित्त उतरायचं, म्हणून तो पिवळा फेस. झोपायच्या आधी मूठभर काहीतरी द्या, एवढाच उपाय, आणि तो लागू पडला. पण तो सापडायच्या आधी डॉक्टरांनी तिच्या खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर गेली, म्हणजे अंगात पाणी पुरेसं होतं. वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबली. पांढरी पडलेली जागा मनात ‘एक, दोन’ म्हणायच्या आत पुन्हा गुलाबी झाली. त्यांनी माझा अंगठा धरून मला ते करायला लावलं. हिरडी ओली, गुळगुळीत, कोमट. इतकी वर्षं कुत्र्यांबरोबर काढून मी त्यांच्या हिरडीला कधी हात लावला नव्हता.

मोठं कुत्रं एकदोनदा ओकलं पण शेपटी हलतेय, पाणी टिकतंय, तर काही तास पोटाला विश्रांती, पाणी थोडं थोडं, मग मऊ भात आणि बिनकातडीचं उकडलेलं चिकन, मीठ-तेल-हळद काही नाही, असं ते म्हणाले. पिल्लू असेल तर उपाशी ठेवायचं नाही, वाट बघायची नाही, उचलायचं आणि यायचं. उलटीत रक्त दिसलं, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट दिसलं, तेही रक्तच, जठरात मुरलेलं. हिरड्या फिक्या, कुत्रं मलूल, उलट्या थांबेनात, तरी तसंच. आणि नुसत्या कोरड्या उमाळ्या, पोट फुगलेलं, असं असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करून थेट निघायचं. हे शेवटचं ते बोलत असताना मी मान हलवत होते आणि मला ती पडवी दिसत होती.

त्या काकांसारखा डबा काही आम्ही ठेवला नाही, तेवढी आमची तयारी नाही. फोटो मात्र काढतो. मधे माझा भाचा सुट्टीला आला होता, दिवाळीचे फोटो बघू म्हणून त्याने माझा फोन घेतला. आकाशकंदील, फराळाचं ताट, पाडव्याचं ओवाळणं, आणि मग एकदम क्लोज-अप. “मावशी, हे काय आहे?” मी सांगितलं. त्याने चकलीचा तुकडा बशीत परत ठेवला.

आणि सासूबाई कालनिर्णयवर लिहून ठेवतात. दुधाच्या नोंदी असतात त्याच चौकोनात, त्यांच्या बारीक मोडी वळणाच्या अक्षरात: ‘पि. फे. पहाटे’, ‘अन्न, अर्धं’, ‘गवत फक्त’. दृष्टही काढतात, ती बंद झालेली नाही, पण नोंद आधी होते. परवा महिनाअखेरीला दूधवाला दारात हिशेबाला आला तेव्हा त्या तारखांवरून बोट फिरवत होत्या आणि एका ठिकाणी अडल्या. ‘अर्धं’. अर्धा लिटर कमी घेतलं होतं की सखूचं अर्धं पचलेलं होतं, काही केल्या आठवेना. दूधवाला म्हणाला, “आजी, मी पूर्णच दिलं होतं.” मग मी फोन उघडून ती तारीख काढली आणि फोटो त्याच्यासमोर धरला. त्याने अर्ध्या लिटरचे पैसे सोडून दिले.